सिलेंडरमधला दाब आणि तापमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की "गॅस मंद येतोय" हा प्रश्न येतो आणि एप्रिल-मे उजाडला की "सिलेंडर उन्हात आहे, काही होईल का?" हा. मधल्या काळात हॉटेलवाले, खाद्यपदार्थांच्या गाड्या चालवणारे, ट्रेकर मंडळी आणि केमिस्ट्रीचे विद्यार्थी असतातच. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे: द्रवरूप गॅसचा बाष्पदाब तापमानाप्रमाणे बदलतो आणि तो मिश्रणावरही ठरतो. दाबाचे आकडे बारमध्ये दिले आहेत. एक बार म्हणजे जवळपास एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. आकडे गोळाबेरीज करून लिहिले आहेत, डिझाइनसाठी वापरू नयेत.

१. सिलेंडर हलवला की आत काहीतरी डचमळतं. ते पाणी असतं का?

नाही. तोच गॅस आहे, द्रवरूपात. घरगुती १४.२ किलोच्या सिलेंडरची आतली जागा ३३.३ लिटर असते. त्यात भरलेला द्रव साधारण २६ लिटर जागा व्यापतो आणि वरच्या मोकळ्या भागात त्याचीच वाफ असते. शेगडीकडे जाते ती ही वाफ. ती कमी झाली की खालचा द्रव उकळून तेवढी भरून काढतो. "गॅसमध्ये पाणी मिसळतात" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हे डचमळणंच असतं.

द्रवाचं कारण जागेची बचत. एक लिटर द्रवातून साधारण अडीचशे लिटर वायू होतो. एवढा वायू नुसता दाबून भरायचा म्हटलं तर स्वयंपाकघरात सिलेंडर मावणार नाही.

२. बाष्पदाब म्हणजे नेमकं काय? तो आणि सिलेंडरमधला दाब एकच का?

बंद भांड्यात द्रव आणि त्याची वाफ एकत्र असली की काही रेणू द्रवातून सुटत असतात आणि काही परत येत असतात. दोन्हींचा वेग सारखा झाला की वाफेचा जो दाब स्थिरावतो तो त्या तापमानाचा बाष्पदाब. सिलेंडरमध्ये द्रव आहे तोवर आतला दाब म्हणजे हाच बाष्पदाब (एक अपवाद प्रश्न १६ मध्ये आहे).

यातून निघणारी गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही: द्रव पंचवीस लिटर असो की दोन लिटर, तापमान आणि मिश्रण तेच असेल तर दाबही तोच. दाबावरून गॅस किती उरलाय हे कळत नाही. प्रश्न ९ मधल्या मीटरची गोची इथेच आहे.

३. तापमान वाढलं की दाब किती वाढतो? आकडे द्या.

घरगुती गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. दोघांचे आणि दोघांच्या रेणूंचं प्रमाण निम्मं-निम्मं असलेल्या मिश्रणाचे आकडे असे:

| तापमान (अंश सेल्सिअस) | प्रोपेन (बार) | नॉर्मल ब्युटेन (बार) | निम्मं-निम्मं मिश्रण (बार) |
|---|---|---|---|
| ० | ४.७ | १.० | २.९ |
| १० | ६.४ | १.५ | ३.९ |
| २० | ८.४ | २.१ | ५.२ |
| ३० | १०.८ | २.८ | ६.८ |
| ४० | १३.७ | ३.८ | ८.७ |
| ५० | १७.१ | ५.० | ११.० |

हे निरपेक्ष दाब आहेत. गेज, म्हणजे दाब मोजायचं काट्याचं उपकरण, बाहेरच्या हवेचा दाब धरत नाही, त्यामुळे त्यावर एक बार कमी दिसेल.

मिश्रणाची रांग बघा. शून्यापासून ५० अंशांपर्यंत जाताना दाब जवळपास चौपट झाला. सिलेंडरमध्ये द्रव नसता, नुसता वायू असता, तर याच प्रवासात दाब फक्त १८ टक्के वाढला असता. एवढा फरक का? तापमान चढलं की आधीच्या वाफेचे रेणू जोरात धडकतात, पण तो भाग छोटा. मोठा भाग असा की द्रवातून आणखी रेणू सुटून वर येतात आणि वाफच दाट होते. त्यामुळे आलेख सरळ रेषेत न जाता वर वळत जातो. २० ते ३० मध्ये मिश्रणाचा दाब १.६ बारने वाढतो, तर ४० ते ५० मध्ये २.३ बारने.

४. मिश्रणाचा दाब काढायचा कसा? वजनाच्या टक्केवारीने गणित केलं तर उत्तर चुकतं.

चुकणारच, कारण टक्केवारी वजनाची न घेता रेणूंची, म्हणजे मोलची, घ्यायची असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रान्स्वा-मारी राऊल्त यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेला नियम इथे छान चालतो: प्रत्येक घटकाचा शुद्ध बाष्पदाब गुणिले द्रवातला त्याचा मोल-अंश, आणि सगळ्यांची बेरीज. प्रोपेन आणि ब्युटेन एकाच घराण्यातले, एका कार्बनचा काय तो फरक, म्हणून प्रत्यक्ष दाब या गणिताच्या जवळ राहतो.

उदाहरण घ्या. वजनाने ४० टक्के प्रोपेन, ६० टक्के ब्युटेन. ४० भागिले ४४ म्हणजे ०.९०९ आणि ६० भागिले ५८ म्हणजे १.०३४. मोल-अंश झाले ०.४७ आणि ०.५३. आता ४० अंशांना ०.४७ गुणिले १३.७ अधिक ०.५३ गुणिले ३.८ म्हणजे साधारण ८.४ बार. गेजवर ७.४. वजनाचीच टक्केवारी लावली असती तर ७.८ आलं असतं.

तेल शुद्धीकरण कारखान्यातून आलेल्या गॅसमध्ये आयसोब्युटेन, प्रोपिलीन, ब्युटिलीन हीसुद्धा मंडळी असतात. पद्धत तीच, फक्त बेरजेतल्या ओळी वाढतात.

५. आपल्या सिलेंडरमध्ये प्रोपेन किती आणि ब्युटेन किती? सिलेंडरवर का लिहीत नाहीत?

ठरावीक प्रमाण नसतं, म्हणून लिहीत नाहीत. गॅस कुठून आला यावर ते अवलंबून असतं. काही मुंबई हायच्या नैसर्गिक वायूतून उरणच्या प्रकल्पात वेगळा काढलेला, काही रिफायनरीतला, काही जहाजाने आलेला. आयातीची किंमत धरताना मात्र ४० टक्के प्रोपेन आणि ६० टक्के ब्युटेन हे प्रमाण वापरतात, म्हणून वरच्या उत्तरात तेच घेतलं.

भारतीय मानक आयएस ४५७६ घटकांचं प्रमाण न बांधता वागणूक बांधतं. ४० अंशांना मिश्रणाचा गेज दाब १०५० किलोपास्कल, म्हणजे साडेदहा बारच्या वर जाता कामा नये. नुसत्या ब्युटेनसाठी ही मर्यादा ४८५ आणि प्रोपेनसाठी १५५०. शिवाय मिश्रणाचा ९५ टक्के भाग वातावरणाच्या दाबाला २ अंशांपर्यंत उडून गेला पाहिजे. पहिली अट प्रोपेनला लगाम घालते. दुसरी अट सिलेंडरच्या तळाशी जड, न उडणारा गाळ राहू देत नाही. मला ही रचना आवडते. प्रमाण सांगत बसण्यापेक्षा ग्राहकाला ज्याने फरक पडतो तेच मोजलेलं बरं.

६. हिवाळ्यात गॅस मंद येतो आणि सिलेंडर लवकर संपतो. थंडीने दाब पडतो म्हणूनच ना?

महाराष्ट्रात तरी थंडीला एवढा दोष देऊ नका. रेग्युलेटर शेगडीला गॅस देतो तो फक्त ३० मिलिबारच्या आसपास, म्हणजे एका बारच्या तेहतिसाव्या हिश्शाला. १० अंशांना निव्वळ ब्युटेनसुद्धा गेजवर अर्धा बार, म्हणजे ५०० मिलिबार दाब देतं. मिश्रण तर जवळपास तीन बार. रेग्युलेटरला लागतो त्याच्या कितीतरी पट दाब मागे उभा असतो. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हासुद्धा भरलेल्या सिलेंडरवर शेगडी व्यवस्थित चालायला हवी.

मग मंद का? बर्नरची भोकं बुजलेली असतात, नळी कुठेतरी दुमडलेली असते, रेग्युलेटर जुना झालेला असतो किंवा सिलेंडर संपत आलेला असतो (प्रश्न ८). आधी ती भोकं साफ करून बघा.

लवकर संपण्याचं कारण बरंचसं पाण्यात आहे. उन्हाळ्यात नळाचं पाणी ३० अंशांचं असेल तर उकळायला ७० अंश चढवायचे. थंडीत तेच पाणी १२ अंशांचं असेल तर ८८. एवढ्यानेच सव्वापट गॅस जळतो. आंघोळीचं पाणी गॅसवर तापत असेल तर बोलायलाच नको.

७. आमची चायनीजची गाडी आहे. १९ किलोचा सिलेंडर रात्री ऐन गर्दीत मंद होतो, बाहेरून घाम फुटतो, कधी बर्फ धरतो. सकाळी तोच सिलेंडर पुन्हा चालतो. गॅसवाला फसवतोय का?

फसवत नाही. सिलेंडर स्वतःलाच गार करतोय.

द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, किलोमागे साधारण ३६० किलोज्यूल. ती बाहेरच्या हवेतून, पत्र्यामधून आत यावी लागते. घरी दोन बर्नर पूर्ण पेटवले तरी तासाला तीनेकशे ग्रॅम गॅस जातो. त्याला लागणारी उष्णता तीस वॅटच्या आसपास, एवढी हवा सहज पुरवते. तुमची भट्टी तासाला दोन किलो ओढते. तिला दोनशे वॅट हवेत आणि थंड रात्रीची हवा एका सिलेंडरला तेवढे देऊ शकत नाही. उरलेली उष्णता द्रव स्वतःतून काढून देतो. आत १० किलो द्रव आहे आणि बाहेरून काहीच उष्णता येत नाही असं धरलं, तर एक किलो गॅस निघाल्यावर द्रव आणि लोखंड मिळून दहा-बारा अंशांनी गार होतात. दोन किलो काढलेत तर आत शून्याच्या जवळपास. तक्ता पाहा, २० अंशांना ५.२ बार असलेला दाब शून्याला २.९ होतो. त्यातून द्रवात ब्युटेनच जास्त उरलं असेल (प्रश्न ८) तर दाब जवळपास नाहीसाच. रात्रभर सिलेंडर हवेतली उष्णता पीत राहतो आणि सकाळी ताजातवाना उभा राहतो.

बाहेर जिथपर्यंत घाम किंवा बर्फ दिसतो तिथपर्यंत आत द्रव आहे, हे फुकटात मिळणारं मापन. द्रव जसा खाली जातो तशी उष्णता आत घेणारी पत्र्याची जागाही आक्रसते, म्हणून ही तक्रार अर्ध्या सिलेंडरनंतर वाढते.

उपाय: दोन किंवा तीन सिलेंडर एकाच मॅनिफोल्डला, म्हणजे सामाईक नळीला, जोडा. ओढ वाटली जाते आणि प्रत्येक जण कमी गार होतो. वाऱ्याला अडवणारे खोके सिलेंडरभोवती रचू नका. काही जण सिलेंडर साध्या पाण्याच्या टबात उभा करतात. शास्त्राला ते धरून आहे, कारण पाणी हवेपेक्षा फार लवकर उष्णता देतं, पण तळ गंजतो आणि गंजलेला तळ दाबाच्या भांड्याला परवडत नाही. उकळतं पाणी ओतणं, खाली निखारे ठेवणं, भट्टीकडे सरकवणं हे कुठल्याच परिस्थितीत नको. जिथे रोजची ओढ मोठी आहे तिथे व्हेपोरायझर, म्हणजे बाहेरून उष्णता देऊन द्रवाची वाफ करणारं यंत्र, लागतो (प्रश्न १५).

८. सिलेंडर संपत आला की शेवटचा गॅस रखडत का येतो?

कारण मिश्रणातलं प्रोपेन आधी पळतं. निम्म्या-निम्म्या द्रवावर २० अंशांना जी वाफ असते तिच्यात प्रोपेन ८० टक्के असतं. तुम्ही वाफ वापरता, म्हणजे दरवेळी प्रोपेन जास्त काढून घेता आणि मागे ब्युटेन साठत जातं. गणित केलं तर द्रव चौथ्या हिश्शावर येईपर्यंत त्यातलं प्रोपेन ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास उतरतं. पाचवा हिस्सा उरेल तेव्हा ५ टक्के.

आता दाब बघा. सुरुवातीला २० अंशांना गेजवर ४.२ बार होता, शेवटच्या पाचव्या हिश्शाला १.४. शेगडीला हेही भरपूर आहे. पण तापमान शून्याला असेल तर तिथे उरतो ०.२ बार आणि त्यात प्रश्न ७ मधलं गार होणं मिळवा. म्हणून शेवटचा गॅस घरच्या शेगडीला सहसा पुरतो आणि गाडीवरच्या भट्टीला दगा देतो. अशा वेळी जागे असलेले हॉटेलवाले भट्टीवरचा अर्धवट सिलेंडर काढून चहाच्या शेगडीला लावतात. वाया काहीच जात नाही.

९. ऑनलाइन मिळणारा गॅस लेव्हल मीटर घ्यावा का? आमचा महिनाभर हिरव्यातच होता आणि एका संध्याकाळी थेट लाल.

लेव्हल दाखवायला घेऊ नका. तो दाबाचा गेज आहे, त्यावर हिरवा-पिवळा-लाल रंग मारून "लेव्हल" असं नाव दिलंय. दाब द्रवाच्या प्रमाणावर नसतोच (प्रश्न २), त्यामुळे काटा खरं तर तापमान सांगतो. दुपारी थोडा वर, पहाटे थोडा खाली. मिश्रण बदलल्यामुळे काटा हळूहळू उतरतो खरा, पण ऋतूचा फरक त्याच्याहून मोठा असतो. मेमधला अर्धा सिलेंडर जानेवारीतल्या भरलेल्या सिलेंडरपेक्षा जास्त दाब दाखवू शकतो. द्रव संपला की मग मात्र दाब झपाट्याने पडतो, तोच तुमचा "थेट लाल".

खात्रीचा उपाय वजन. सिलेंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या सिलेंडरचं वजन कोरलेलं असतं, काट्यावर ठेवा आणि वजा करा. नव्या कंपोझिट सिलेंडरच्या भिंती अर्धपारदर्शक असतात, त्यात प्रकाशासमोर द्रवाची पातळी दिसते.

१०. ओल्या कापडाने सिलेंडर पुसला की गॅस कुठपर्यंत आहे ते कळतं म्हणतात. खरं आहे?

खरं आहे, आणि मीटरपेक्षा भरवशाचं. सिलेंडर सगळीकडून ओला करून दोन-चार मिनिटं थांबा. वरचा रिकामा भाग आधी वाळतो. द्रवाला लागून असलेला पत्रा मागे राहतो, कारण द्रवाची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता वाफेपेक्षा कितीतरी जास्त असल्याने तो भाग लवकर तापत नाही. शेगडी थोडा वेळ चालवून मग पुसलंत तर फरक जास्त ठळक दिसतो, कारण तोवर द्रव थोडा गार झालेला असतो.

११. शेवटचा गॅस काढायला सिलेंडर आडवा केला किंवा उलटा धरला तर?

करू नका. वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि पुढे जाऊन अडीचशे पट फुगतो. ज्योत एकदम भडकते. मागे राहिलेलं ब्युटेन आडवं केल्याने हलकं होत नाही. त्याला हवी असते उष्णता, तीही फक्त खोलीतल्या हवेची.

१२. विदर्भात मे महिन्यात सिलेंडर उन्हात राहिला तर फुटेल का?

चांगल्या अवस्थेतला, नियमाने भरलेला सिलेंडर नुसत्या उन्हाने फुटू नये अशीच त्याची आखणी असते. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गेज दाब ५० अंशांना १० बार आणि ६५ अंशांना साधारण १४ बार. घरगुती सिलेंडरची पाण्याने चाचणी घेतात ती २५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरला. चंद्रपूरची सावलीतली ४७ अंशांची दुपार त्यापासून बरीच दूर आहे. (स्फोटके आणि दाबाची भांडी यांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे. उन्हाची त्यांना कल्पना नसेल असं समजायचं कारण नाही.)

तरीही सिलेंडर सावलीत ठेवा. उन्हात व्हॉल्व्हमधल्या रबरी रिंगेचे हाल होतात आणि जास्त दाबावर बारीक गळतीसुद्धा जास्त गॅस सोडते. उन्हाळ्यातले बहुतेक अपघात टाकी फाटून होत नाहीत, गळून साचलेला गॅस पेटून होतात. गळतीचा वास आला तर १९०६ हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो.

आगीचा प्रकार वेगळा. ज्वाळा थेट सिलेंडरवर लागली की द्रव तापून दाब चढतो आणि त्याच वेळी, ज्या भागामागे द्रव नाही तिथला पत्रा लाल होऊन मऊ पडतो. २५ चा आकडा थंड पोलादाचा होता, मऊ पडलेल्या पोलादाला तो लागू नाही. पत्रा फाटला की आतला तापलेला द्रव क्षणात उकळून आगीचा गोळा होतो. म्हणून अग्निशमन दल लांबून पाण्याचा मारा करत सिलेंडर गार ठेवतं. तुम्ही जवळ जाऊ नका.

१३. टाकी काठोकाठ का भरत नाहीत? आमचे पैसे तर पूर्ण घेतात.

पैसे वजनाचे घेतात आणि वजन पूर्ण असतं. जागा रिकामी ठेवतात ती द्रव फुगतो म्हणून. १५ अंशांना २६ लिटर असलेला द्रव ६५ अंशांना ३० लिटरचा होतो. पाणी याच्या आठव्या हिश्शाएवढंही फुगत नाही. ३३.३ लिटरच्या सिलेंडरमध्ये ३० लिटर मावतात, वर वाफेला थोडी जागा उरते, सगळं ठीक.

पण कोणी जास्त भरला आणि द्रवाने सगळी जागा व्यापली, तर बाष्पदाबाचा तक्ता विसरा. आता वाफ नाहीच, द्रव थेट पत्र्याला आतून रेटतो आणि एकेका अंशाला दाब अनेक बारने चढतो. दहा अंशांचा फरक पोलाद फाडायला पुरेल. मोठ्या सिलेंडरमधून छोट्यात घरगुती पद्धतीने गॅस भरणारे लोक हाच धोका पत्करत असतात, कारण त्यांच्याकडे ना वजनकाटा असतो ना मोकळ्या जागेचा हिशेब. वाहनांच्या एलपीजी टाक्यांमध्ये ८० टक्क्यांना भरणं आपोआप थांबतं, तेही यासाठीच.

१४. लडाखला किंवा हिमालयात ट्रेकला नेलेला गॅस थंडीत पेटत नाही. कुठला घ्यावा?

प्रश्न ६ मध्ये थंडीला निर्दोष सोडलं होतं, इथे ती खरंच दोषी आहे. समुद्रसपाटीला नॉर्मल ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, आयसोब्युटेन उणे १२ ला आणि प्रोपेन उणे ४२ ला. त्याखाली त्या घटकाचा बाष्पदाब हवेच्या दाबापेक्षा कमी, म्हणजे तो बाहेर येणारच नाही.

उंचीने थोडी मदत होते. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब ०.६५ बारच्या आसपास असतो. तिथे नॉर्मल ब्युटेन साधारण उणे १२ ला उकळतं. म्हणजे उणे पाचच्या सकाळी लेहमध्ये जो सिलेंडर रडतखडत चालेल तो त्याच तापमानाला समुद्रकाठी चाललाच नसता. पण रात्री पारा उणे १५ ला गेला की भरलेला सिलेंडर प्रोपेनच्या जोरावर पेटतो आणि काही दिवसांनी, ब्युटेन उरल्यावर, वजन असूनही थांबतो. तो संपलेला नसतो. उबदार खोलीत आणून ठेवलात, अर्थात बुखारीपासून (खोली तापवायच्या शेगडीपासून) लांब, की उरलेला गॅस मिळतो.

ट्रेकच्या छोट्या डब्यांवर मिश्रण छापलेलं असतं. आयसोब्युटेन-प्रोपेन घ्या, नुसतं ब्युटेन सह्याद्रीपुरतं ठीक. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपणं किंवा स्वयंपाक करताना कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवणं या दोन्ही युक्त्या चालतात, कारण लागणारी उष्णता फारच थोडी असते. डबा उलटा लावून द्रव ओढणारे स्टोव्हही मिळतात. त्यात द्रव नळीतच ज्योतीने तापून उकळतो, त्यामुळे डब्यातला बाष्पदाब फक्त ढकलण्यापुरता लागतो. उलटा लावायची मुभा त्याच स्टोव्हना. आणि डबे विमानातून नेता येत नाहीत, तिथे पोचल्यावर विकत घ्या.

१५. आमच्या हॉटेलच्या गॅस बँकेत व्हेपोरायझर आहे. तिथेही शेवटी ब्युटेनच उरतं का?

लिक्विड ऑफटेक सिलेंडर असतील तर नाही. त्यात नळी तळापर्यंत गेलेली असते आणि बाहेर येतो तो द्रव. द्रव जसा आहे तसा निघतो, म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण पहिल्या किलोपासून शेवटच्यापर्यंत जवळपास तेच. वाफ करण्याचं काम व्हेपोरायझर बाहेरची उष्णता देऊन करतो, म्हणून सिलेंडर गारही होत नाही. प्रश्न ७ आणि ८ मधल्या दोन्ही तक्रारी एका झटक्यात मिटतात. वाहनांमधल्या एलपीजी किटची रचना हीच: द्रव ओढायचा आणि इंजिनाच्या गरम पाण्यावर त्याची वाफ करायची.

मात्र व्हेपोरायझरपुढची पाइपलाइन लांब आणि उघड्यावर असेल तर थंड रात्री, जास्त दाबाच्या भागात, ब्युटेन पुन्हा द्रव होऊन साचू शकतं. दाब व्हेपोरायझरजवळच कमी केला की हा त्रास टळतो.

१६. नवी टाकी पहिल्यांदा भरली तेव्हा गेजवर तक्त्यापेक्षा जास्त दाब दिसला. तापमान तर बरोबर मोजलं होतं.

टाकीत आधीची हवा राहिली असणार. हवा या तापमानाला द्रव होत नाही, तिचा दाब बाष्पदाबात सरळ मिळवला जातो. शिवाय द्रव भरताना ती वर कोपऱ्यात दाबली जाते, त्यामुळे तिचा दाब मूळच्या एका बारपेक्षा वाढलेला असतो. म्हणून नव्या टाकीतली हवा आधी काढतात. गॅसमध्ये थोडं इथेन असेल तरी दाब वर जातो. हवा पहिल्या काही वापरांत निघून जाते, तसंच इथेनही. आठवडाभराने पुन्हा मोजा. आकडा तरीही जास्तच असेल तर गेज तपासा.

१७. सिलेंडर संपत आला की ज्योत पिवळी होते आणि वासही जास्त येतो. गॅस खराब झाला का?

दोन्हींचं कारण प्रश्न ८ मध्ये आहे. प्रोपेनच्या एका भागाला जळायला हवेचे २४ भाग लागतात, ब्युटेनच्या एका भागाला ३१. शेगडीची हवेची भोकं तीच राहतात, त्यामुळे ब्युटेन वाढलं की हवा थोडी अपुरी पडते आणि ज्योतीची टोकं पिवळी दिसतात. वासासाठी मिसळलेलं एथिल मरकॅप्टन ३५ अंशांना उकळतं, म्हणजे ब्युटेनहूनही आळशी. तेही मागे राहून शेवटी दाट होतं.

वास फक्त शेगडी पेटवताना क्षणभर येत असेल तर हे स्पष्टीकरण पुरेल. सतत येत असेल तर सिलेंडर संपत आलाय म्हणून दुर्लक्ष करू नका, गळती आहे असंच समजा. आणि पूर्ण ज्योत पिवळी, भांड्यांना काजळी, असं भरलेल्या सिलेंडरवरही होत असेल तर बर्नर साफ करायला हवा.

१८. उन्हाळ्यात आत दाब जास्त, मग आच मोठी येते का? दूध लवकर उतू जातं!

दूध लवकर उतू जातं ते आधीच कोमट असतं म्हणून. आत तीन बार असोत की नऊ, रेग्युलेटर बाहेर तेच ३० मिलिबार देतो. आच ऋतूप्रमाणे लहान-मोठी होत असेल तर रेग्युलेटर बदलून घ्या.

१९. पाइपच्या गॅसला आणि सीएनजीला हेच लागू होतं का?

नाही. त्यात मुख्यतः मिथेन असतं आणि मिथेन उणे ८२ अंशांच्या वर कितीही दाबलं तरी द्रव होत नाही. प्रोपेनसाठी ही सीमा ९६ अंश आहे, ब्युटेनसाठी १५२, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या तापमानाला द्रव राहू शकतात. सीएनजीच्या टाकीत द्रव नाही, बाष्पदाब नाही. २०० बारला दाबलेला वायू आहे. त्यामुळे तिथे दाबाचा काटा गॅस किती उरला ते खरोखरच सांगतो, आणि प्रश्न ९ मध्ये निरुपयोगी ठरवलेलं मीटर रिक्षात मात्र कामाचं ठरतं. तिथेही भरल्या-भरल्या टाकी गरम असते, थोड्या वेळाने काटा जरा खाली उतरतो. त्यावरून पंपावाल्याशी भांडू नका.